वळणावरचा प्रकाश : डॉ. होमी जहांगीर भाभा

तू इंजिनिअरिंगला का आलास, हा प्रश्न फर्स्ट इयरच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना विचारला जातो. उत्तरं ठरलेली असतात. वडिलांची इच्छा होती. बारावीला मार्क बरे पडले. मामा म्हणाले, नोकरी लगेच लागते. मनापासून आवड होती म्हणून आलो, असं सांगणारे थोडेच, आणि ते खरं बोलत असतील तर नशीबवान!

मित्रांनो, १९२७ साली मुंबईचा एक मुलगा अगदी याच कारणासाठी केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकायला गेला. तेव्हा त्याला अठरावं वर्ष चालू होतं. घरच्यांनी त्याचं पुढचं सगळं आखून ठेवलं होतं. मेकॅनिकलची पदवी घ्यायची, परत यायचं आणि टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात अधिकारी व्हायचं. त्याला मात्र फिजिक्स हवं होतं. तो भांडून घर सोडून गेला नाही, की नशिबाला दोष देत त्यानं वर्षं काढली नाहीत. त्यानं काय केलं आणि त्याची किंमत काय मोजली, हे सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

मी कडावचा. सेमिनारसाठी मी फ्री इलेक्ट्रॉन लेसर हा विषय घेतला होता. आपल्या सिलॅबसमधल्या लेसरमध्ये इलेक्ट्रॉन अणूला बांधलेला असतो. वरच्या पायरीवरून खाली आला की प्रकाश देतो. या लेसरमध्ये अणूच नाही! नुसता मोकळा, प्रचंड वेगानं जाणारा इलेक्ट्रॉन चुंबकांच्या रांगेतून नागमोडी पळवायचा आणि त्यानं फेकलेला प्रकाश गोळा करायचा. हे प्रारण कुठून येतं, ते शोधत मागे मागे गेलो, तेव्हा वाटेत भाभा भेटले. भाभा म्हटलं की आपल्याला ट्रॉम्बे आठवतं, अणुभट्टी आठवते. पण वेगवान इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा प्रकाशाच्या रूपात कशी गमावतो, या प्रश्नावर तरुणपणी जगभर नाव कमावलेला माणूस तो हाच, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

घाटाखालची वीज

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत, एका सधन पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे बॅरिस्टर. आजोबा होर्मसजी म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख होते. आत्या मेहेरबाई ही जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी यांची पत्नी. त्यामुळे लहानग्या होमीचं आत्याच्या घरी जाणं-येणं होतं, आणि तिथं मोठ्या माणसांच्या बोलण्यात पोलाद, कारखाने, पाण्यापासून वीज हेच विषय असत.

त्या विजेशी आपल्या भागाचं जवळचं नातं आहे. घाटमाथ्यावर धरणं बांधायची, पाणी पाइपांतून घाटाखाली सोडायचं आणि त्या जोरावर टर्बाइन फिरवायचं, ही टाटांची योजना. त्यातलं खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, म्हणजे आपल्या शेजारच्या खालापूर तालुक्यात. दुसरं भिवपुरीचं, १९२२ मध्ये, आपल्याच कर्जत तालुक्यात. इथली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. भिवपुरीचं टर्बाइन फिरवून सुटलेलं पाणी पेज नदीला मिळतं, म्हणून ती उन्हाळ्यातसुद्धा वाहती असते.

हे उद्योग वाढवणारे दोराबजी १९३२ मध्ये वारले. आपली संपत्ती त्यांनी ट्रस्टच्या हवाली केली होती. बारा वर्षांनी होमी भाभांनी संस्था काढण्यासाठी पत्र लिहिलं, ते याच ट्रस्टला. म्हणजे नातं सरळ नाही, थोडं वळणाचं आहे, पण आहे.

होमीचं शिक्षण कॅथेड्रल अँड जॉन कॉनन शाळेत, मग एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये झालं. लहानपणी हा मुलगा फारच कमी झोपायचा. आईवडिलांनी काळजीनं डॉक्टरांना दाखवलं, तर त्यांनी मेंदू जरा जास्तच तल्लख आहे, काळजी करू नका असं सांगून परत पाठवलं. मेकॅनोचे सेट घरात होते. पण सोबतच्या पुस्तकातलं मॉडेल करण्याऐवजी तो स्वतःच्या डोक्यातलं काहीतरी जोडत बसे. घरात मोठं ग्रंथालय, पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्डचा संग्रह, चित्रकलेची शिकवणी. सोळाव्या वर्षाच्या आसपास त्यानं आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादावर वाचायला सुरुवात केली होती.

केंब्रिजचा करार

केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात भाभा पोचले, तो काळ फिजिक्ससाठी सोन्याचा होता. क्वांटम मेकॅनिक्स नुकतंच जन्माला आलं होतं. पॉल डिरॅक तिथंच होते, आणि १९२८ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनचं आपलं प्रसिद्ध समीकरण मांडलं. शेजारी इतकं काही चाललेलं असताना आपण बीम आणि बॉयलरची गणितं करत बसायचं, हे भाभांना सहन होईना. त्यांनी वडिलांना लिहून कळवलं की धंदा किंवा मोठ्या कंपनीतली नोकरी आपल्या स्वभावात बसणारी नाही. फिजिक्स हेच आपलं क्षेत्र आहे आणि त्यात आपण काही मोठं करून दाखवू याची खात्री आहे.

वडील बॅरिस्टर. त्यांनी नकारही दिला नाही आणि लगेच होकारही दिला नाही. आधी मेकॅनिकल सायन्सेसची ट्रायपॉस परीक्षा फर्स्ट क्लासमध्ये पास हो, मग गणिताच्या ट्रायपॉससाठी आणखी राहण्याचा खर्च मी करीन, असं त्यांनी कळवलं. मुलानं करार मान्य केला. १९३० मध्ये फर्स्ट क्लास मिळवला आणि मग हवं त्या वाटेला लागला.

मला स्वतःला या गोष्टीत सर्वांत जास्त काय आवडतं, ते सांगतो. न आवडणारा अभ्यास त्यांनी कसाबसा उरकला नाही, फर्स्ट क्लासात केला. आणि ती मेकॅनिकलची वर्षं वाया गेली नाहीत. पुढे इमारती, यंत्रं, अणुभट्ट्या उभारताना ड्रॉइंग वाचणारा आणि खर्चाचा अंदाज समजणारा शास्त्रज्ञ देशाला मिळाला.

इलेक्ट्रॉन प्रकाश का देतो?

आता थोडं फिजिक्स. घाबरू नका, इंटिग्रेशन करणार नाही.

पोकळीतून सरळ रेषेत एकाच वेगानं जाणारा इलेक्ट्रॉन प्रकाश देत नाही. तो कितीही वेगानं जाऊ दे, त्याचं विद्युतक्षेत्र निमूटपणे त्याच्याबरोबर सरकतं. पण त्याला वळवा, ब्रेक लावा किंवा हिसका द्या, म्हणजेच त्याला त्वरण द्या, की क्षेत्राचा एक भाग त्याच्यापासून सुटतो आणि प्रकाशाच्या वेगानं लांब निघून जातो. यालाच आपण प्रारण म्हणतो. मोबाइलच्या टॉवरवरचा अँटेना, एक्स-रेची ट्यूब आणि फ्री इलेक्ट्रॉन लेसर, तिन्हींच्या मुळाशी हाच नियम आहे.

बोरघाटाचं उदाहरण घ्या. सरळ रस्त्यावर एसटी शांत चालते. वळण आलं की टायर करकरतात, आतली माणसं एका बाजूला झुकतात, सीटखालची पिशवी घसरते. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत ती घसरलेली पिशवी म्हणजे प्रकाश.

इलेक्ट्रॉनला वळवायचे दोन मार्ग आहेत. एक, चुंबकानं वळवायचं. दुसरा, त्याला एखाद्या धातूत किंवा हवेत घुसवायचं, म्हणजे अणुकेंद्राजवळून जाताना तिथल्या धनभारामुळे तो आपोआप वळतो. या दुसऱ्या प्रकाराला ब्रेम्सश्ट्रालुंग असं जर्मन नाव आहे. अर्थ सोपा, ब्रेक लागल्यामुळे होणारं प्रारण. भाभांचं काम या दुसऱ्या मार्गावरचं.

एकाचे हजार

१९३२ हे केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचं वैभवाचं वर्ष. चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला. कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी यंत्रात वेग दिलेल्या प्रोटॉननी अणुकेंद्र फोडून दाखवलं. त्याच वर्षी अमेरिकेत पॉझिट्रॉन सापडला, म्हणजे इलेक्ट्रॉनचाच धनभारित जुळा भाऊ. भाभा तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचे. त्यांचा पहिला शोधनिबंध १९३३ मध्ये आला, विषय वैश्विक किरणांचं शोषण.

अवकाशातून येणाऱ्या या वैश्विक किरणांचं एक कोडं होतं. शिशाची जाड पाटी आडवी ठेवली तर किरण कमी व्हायला हवेत. पण कधी कधी एका कणाच्या जागी खालून कणांचा अख्खा झोत बाहेर पडताना दिसे. हे कण येतात कुठून?

१९३७ मध्ये भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी याचं उत्तर दिलं. अमेरिकेत कार्लसन आणि ओपेनहायमर यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तेच गणित मांडलं. कल्पना अशी. प्रचंड ऊर्जेचा एक इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना वळतो आणि एक जोरदार फोटॉन फेकतो. तो फोटॉन दुसऱ्या अणुकेंद्राजवळ गेला की त्याचे दोन कण होतात, एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन. ते दोघे पुन्हा वळतात, पुन्हा फोटॉन फेकतात. प्रत्येक टप्प्याला संख्या साधारण दुप्पट. एकाचे दोन, दोनाचे चार, आणि दहाव्या टप्प्याला १०२४! शिशात असा एक टप्पा अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास संपतो, म्हणजे पाच-सहा सेंटिमीटर शिशात एकाचे हजार. ऊर्जा वाटली जाता जाता प्रत्येकाच्या वाट्याला इतकी थोडी उरते की पुढे नवा कण करायला ती पुरत नाही, आणि झोत विझत जातो.

त्याआधीच्या त्यांच्या एका कामाला तर त्यांचंच नाव मिळालं. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून विखुरतात, तेव्हा कोणत्या कोनात किती जातील याचं गणित त्यांनी मांडलं, ते १९३६ मध्ये छापून आलं. आज तो भाभा स्कॅटरिंग म्हणून ओळखला जातो. हे दोन कण आदळवणाऱ्या यंत्रांत एकूण टकरी किती झाल्या हे मोजायला याच गणिताचा वापर करतात. आपण मल्टिमीटर कॅलिब्रेट करतो ना, तसंच.

आणखी एक गोष्ट. वैश्विक किरणांत सापडलेले काही कण अल्पायुषी असतात. ते फार वेगानं धावत असतील तर सापेक्षतावादाप्रमाणे त्यांचं घड्याळ मंद चालेल आणि ते आपल्याला जास्त काळ जगलेले दिसतील, हे भाभांनी १९३८ मध्ये दाखवून दिलं. पुढे प्रयोगांत ते तसंच आढळलं. हे घड्याळ मंद होणं लक्षात ठेवा, लेसरकडे जाताना याच हिशेबाची गरज पडणार आहे.

लांबलेली सुट्टी

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी मुंबईला आले. सप्टेंबरमध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि परत जाणं लांबलं. इथून त्यांच्या आयुष्याला वळण लागलं.

ते बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रुजू झाले. तिथं सर सी. व्ही. रामन होते. दोराबजींच्या ट्रस्टच्या मदतीनं वैश्विक किरणांच्या संशोधनाचा एक विभाग सुरू झाला. १९४१ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, भाभा रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

याच काळातलं त्यांचं एक काम आपल्या विषयाच्या अगदी जवळचं आहे. इलेक्ट्रॉन प्रकाश फेकतो, तर त्या प्रकाशाची ऊर्जा येते कुठून? इलेक्ट्रॉनच्याच खिशातून. म्हणजे प्रकाश फेकताना त्याला उलटा धक्का बसायला हवा, त्याचा वेग घटायला हवा. हे ऐकायला सोपं आहे. पण बिंदूएवढ्या इलेक्ट्रॉनसाठी त्याचं समीकरण लिहायला गेलं की अनंत संख्या डोकं वर काढतात. डिरॅक यांनी १९३८ मध्ये यातून एक वाट काढली होती. भाभांनी कॉर्बेन यांच्यासोबत १९४१ मध्ये तीच वाट स्वतःभोवती फिरणाऱ्या कणांसाठी पुढे नेली. नंतर या विषयावर त्यांच्याबरोबर हरीशचंद्र नावाच्या तरुण विद्यार्थ्यानं काम केलं. तो पुढे जगातल्या मोठ्या गणितज्ञांत गणला गेला.

थोडक्यात, वळल्याशिवाय प्रकाश नाही, आणि प्रकाश द्यायचा तर स्वतःतलं काही गमवावं लागतं. हा इलेक्ट्रॉनचा नियम आहे. भाभांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिलं की मला तो माणसालाही लागू पडताना दिसतो.

पत्र आणि संस्था

युद्ध संपत आल्यावर परदेशी जाण्याचा मार्ग मोकळा होणार होता. बोलावणारे होते, नाव होतं. पण भाभांचं मन बदललं होतं. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहिलं. मूलभूत संशोधनासाठी देशात एक उत्तम संस्था हवी, अशी मागणी त्यात होती. आणि दोनेक दशकांत अणूपासून वीज करणं शक्य होईल, तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, असा विचारही होता. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा सतरा महिने बाकी होते, हे लक्षात घेतलं म्हणजे या पत्राची दृष्टी समजते.

१ जून १९४५ रोजी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चचं काम बंगळूरला सुरू झालं. त्याच वर्षअखेर संस्था मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. मग गेटवेजवळची यॉट क्लबची जुनी इमारत, आणि शेवटी कुलाब्याच्या टोकाला समुद्राकाठी स्वतःची वास्तू. तिची कोनशिला पंडित नेहरूंनी १९५४ मध्ये बसवली आणि १९६२ मध्ये उद्‌घाटनही त्यांनीच केलं.

दुसऱ्या बाजूला अणुऊर्जेचं काम चालू झालं. १० ऑगस्ट १९४८ रोजी अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये ट्रॉम्बेचं केंद्र सुरू झालं. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथं अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. इंधन ब्रिटनमधून आलं होतं, पण भट्टीचं डिझाइन आणि बांधणी इथल्या माणसांची. सोव्हिएत संघ सोडला तर आशियातली ही पहिली अणुभट्टी.

अप्सरेच्या पाण्यात निळसर प्रकाश दिसे. मी वर सांगितलं की सरळ जाणारा इलेक्ट्रॉन पोकळीत प्रकाश देत नाही. पाण्यात मात्र गंमत होते. पाण्यात प्रकाशाचाच वेग कमी होऊन पाऊणपट होतो, त्यामुळे भट्टीतून निघालेले काही इलेक्ट्रॉन प्रकाशालाही मागे टाकतात. मग विमानामागे आवाजाची धडक लाट तयार व्हावी, तशी प्रकाशाची लाट तयार होते. याला चेरेन्कोव्ह प्रारण म्हणतात. तरुणपणी कागदावर इलेक्ट्रॉनच्या प्रारणाचं गणित करणाऱ्या माणसाला ते आपल्याच संस्थेच्या भट्टीत चमकताना दिसलं, तेव्हा काय वाटलं असेल!

१९५७ मध्ये ट्रॉम्बेला ट्रेनिंग स्कूल सुरू झालं. शास्त्र आणि इंजिनिअरिंगचे ताजे पदवीधर घ्यायचे, वर्षभर कसून शिकवायचं आणि कामाला लावायचं. तज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून रडत बसण्यापेक्षा ते तयार करायचे, ही भाभांची पद्धत. इमारतीच्या आड झाड आलं तर ते तोडण्याऐवजी मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचं, हीसुद्धा त्यांचीच पद्धत. संस्थेच्या भिंतींवर चित्रं हवीत, बागेत फुलं हवीत, असा त्यांचा आग्रह असे. ते स्वतः उत्तम चित्रं काढत. केंब्रिजला असताना त्यांनी नाटकांचे पडदे आणि सेटही रंगवले होते.

किंमत

या सगळ्यात एक गोष्ट हरवली. पन्नासच्या दशकात भाभांचं स्वतःचं संशोधन कमी कमी होत जवळजवळ थांबलं. नोबेल पारितोषिकासाठी ज्याचं नाव अनेकदा सुचवलं गेलं, तो माणूस आता फायली, बजेट, बैठका आणि विमानप्रवासात अडकला होता. त्यांनी हे जाणूनबुजून स्वीकारलं. एकट्यानं आणखी दहा शोधनिबंध लिहायचे, की शंभर जणांना लिहिता येतील अशी जागा तयार करायची, यात त्यांनी दुसरं निवडलं.

त्यांच्या सगळ्याच गोष्टी बरोबर होत्या असं नाही. १९५५ मध्ये जिनिव्हाच्या अणुपरिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी वीस वर्षांत संमीलनापासून नियंत्रित ऊर्जा मिळवण्याचा मार्ग सापडेल, असं भाकीत केलं होतं. सत्तर वर्षं झाली, अजून ती वीज आपल्या तारांत आलेली नाही. मेघनाद साहांसारख्या शास्त्रज्ञांचे त्यांच्याशी मतभेद होते. संशोधनाचा पैसा मोजक्या मोठ्या संस्थांत गेला आणि विद्यापीठांच्या प्रयोगशाळा मागे पडल्या, ही टीका आजही होते. तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना ती टीका पुस्तकात वाचावी लागत नाही. बेंचवरच्या एका लेसरभोवती वीस जण उभे राहून रीडिंग घेतात, तेव्हा ती समोरच दिसते. भाभांचा मोठेपणा मान्य करूनही हे म्हणायला हवं.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला बैठकीसाठी जाताना त्यांचं एअर इंडियाचं कांचनजंगा हे विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर कोसळलं. विमानातले सर्व ११७ जण ठार झाले. भाभा ५६ वर्षांचे होते. लग्न केलेलं नव्हतं. मागे उरल्या त्या संस्था. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचं नाव देण्यात आलं.

त्यांच्यानंतरचा प्रकाश

इलेक्ट्रॉनला वळवायचा पहिला मार्ग, म्हणजे चुंबकाचा, आपण मागे ठेवला होता. हान्स मोट्झ यांनी १९५१ मध्ये कल्पना मांडली की उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण असे ध्रुव आलटून पालटून येतील अशी चुंबकांची रांग लावायची आणि इलेक्ट्रॉन त्यातून सोडायचा. तो बोरघाटातल्या गाडीसारखा डावीकडे-उजवीकडे वळत जातो आणि प्रत्येक वळणावर प्रकाश देतो. या रांगेला अंड्युलेटर म्हणतात. जॉन मॅडी यांनी १९७१ मध्ये यातून लेसर कसा करता येईल हे दाखवलं आणि १९७७ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला तो चालवूनही दाखवला. भाभा तोवर हयात नव्हते.

हिशेब मोठा सुंदर आहे. आपल्या नजरेत चुंबकांचं अंतर, समजा, ५ सेंटिमीटर. इलेक्ट्रॉनची ऊर्जा ५१ एमईव्ही घेतली तर ती त्याच्या स्थिर ऊर्जेच्या १०० पट होते. भाभांनी अल्पायुषी कणांसाठी वापरला तोच सापेक्षतावाद इथं येतो. धावत्या इलेक्ट्रॉनला ते ५ सेंटिमीटर शंभरपट आखूड दिसतात. आणि तो आपल्याकडे धावत येताना प्रकाश फेकतो, म्हणून स्टेशनात शिरणाऱ्या लोकलचा भोंगा बारीक ऐकू येतो तशी त्याची तरंगलांबी आणखी दोनशेपट आखडते. ५ सेंटिमीटरला २०,००० नी भागा, उत्तर २.५ मायक्रॉन, म्हणजे इन्फ्रारेड. चुंबक किती जोरदार आहेत त्यावर हे उत्तर थोडं वाढतं, एवढंच. ऊर्जा बदलली की रंग बदलतो. आपल्या नेहमीच्या लेसरला हे जमत नाही, कारण त्याचा रंग अणू ठरवतो. २००९ मध्ये अमेरिकेत १४ जीईव्हीच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनपासून दीड अँगस्ट्रॉमचा एक्स-रे लेसर मिळाला, म्हणजे अणूच्या आकाराएवढी तरंगलांबी!

पण नुसतं वळवून लेसर होत नाही. हजार इलेक्ट्रॉन आपापल्या लयीत प्रकाश देतात, तेव्हा मिळतो हजारपट प्रकाश. तेच इलेक्ट्रॉन त्यांच्याच प्रकाशाच्या रेट्यानं छोट्या छोट्या पुंजक्यांत येऊन एका तालात वळले, तर लाटा लाटांत मिसळतात आणि प्रकाश हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाखपट होतो. ढोल-ताशाचं पथक एका ठेक्यावर आलं की काय होतं ते गणपतीत आपण ऐकतोच. विखुरलेल्या हुशार माणसांना एका जागी आणण्याचा भाभांचा खटाटोप मला यामुळे नीट कळला.

आपल्या देशात हे काम पुढे गेलं ते भाभांनीच घडवलेल्या अणुऊर्जा विभागातून. इंदूरला या विभागाच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ ही इलेक्ट्रॉन वळवून प्रकाश मिळवणारी वर्तुळाकार यंत्रं आहेत. पहिलं ४५० एमईव्हीचं, दुसरं २.५ जीईव्हीचं. इन्फ्रारेड फ्री इलेक्ट्रॉन लेसरही तिथं उभारला आहे. ही यंत्रं बांधायला फक्त फिजिक्सवाले पुरत नाहीत. व्हॅक्यूमचे पाइप मेकॅनिकलवाल्यांचे, चुंबकांचा वीजपुरवठा इलेक्ट्रिकलवाल्यांचा, कंट्रोल इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरवाल्यांचं.

म्हणून शेवटी एवढंच सांगतो. घरच्यांच्या इच्छेनं इथं आलात म्हणून खंत करू नका. आहे तो अभ्यास नीट करा आणि आवडीची वाटही सोडू नका. भाभांनी दोन्ही केलं. ट्रॉम्बेचं ट्रेनिंग स्कूल आजही आपल्या शाखांचे पदवीधर घेतं. फायनल इयरवाल्यांनो, कॅम्पस इंटरव्ह्यूच्या यादीबरोबर त्याची जाहिरातही नोटीस बोर्डावर लावा. फॉर्म भरायला कुणाची ओळख लागत नाही.